खामगावची कापूस-पेठ

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे तालुक्याचे ठिकाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील सर्वांत मोठी कापूस-पेठ म्हणून ख्याती पावले. लिव्हरपूल, ब्रेमेन, ल हाव्र व पुढे ओसाका येथील कापूस-व्यवहारांशी ही पेठ जोडली गेली. लोहमार्ग, तारायंत्र, वाफेवर चालणारे सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने आणि वायदे-व्यवहार ही त्या काळातील नवी साधने खामगावात अवघ्या दोन-तीन दशकांत येऊन पोहोचली. शेतीप्रधान, भांडवलाने दुबळा असा प्रदेश नव्या तंत्राच्या बळावर जागतिक उत्पादन-साखळीत शिरला म्हणजे त्याच्या वाट्यास काय येते, या प्रश्नाचा विचार करण्यास खामगावचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

पूर्वपीठिका : खामगाव हे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, वऱ्हाडाच्या पयानघाट या सपाट भागाच्या दक्षिण कडेस वसले आहे. येथील खोल काळी जमीन ओल धरून ठेवते. त्यामुळे पाटबंधाऱ्यांवाचूनही खरिपात कपाशीचे पीक येते. वऱ्हाडात कपाशी व ज्वारी ही जोडपिके होती : ज्वारी घरच्या अन्नासाठी, तर कपाशी सारा भरण्यासाठी व बाजारासाठी. कापसाचा बराचसा भाग गावातच खपे. स्त्रिया हातचरकावर सरकी काढीत व सूत कातीत. विणकर ते सूत विणीत. सरकी जनावरांना चारली जाई किंवा बियाण्यासाठी राखली जाई.

दूरच्या बाजारास जाणारा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे तो उत्तरेस मिर्झापूरला नेत आणि तेथून तो गंगेतून नावांनी कलकत्त्याकडे जाई. मुंबईकडील निर्यातीचा आरंभ १८२५-२६ मध्ये झाला. त्या वर्षी विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने सु. ५०० बैलांवर लादून वऱ्हाडी कापूस मुंबईस धाडला. घाट, नद्या व पावसाळा यांमुळे हा प्रवास कष्टाचा व खर्चाचा होता. वाटेत कापसात धूळ मिसळे, तो भिजे व त्याची प्रत उतरे. खामगावात या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली होती; परंतु तूप, सूत व थोडा कापूस एवढ्यापुरताच त्यांचा व्यवहार मर्यादित होता.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चाची वसुली हे त्याचे प्रत्यक्ष कारण असले, तरी कापसाचा हा प्रदेश आपल्या हाती असावा ही इंग्रज व्यापाऱ्यांची इच्छाही जुनी होती. मुंबई इलाख्यातील पद्धतीप्रमाणे जमिनीची मोजणी १८६१ पासून वऱ्हाडात सुरू झाली व तीस वर्षांच्या मुदतीची सारा-आकारणी करण्यात आली. खातेदाराचा हक्क निश्चित झाला. त्याबरोबरच जमीन गहाण टाकण्याची व विकण्याची वाटही मोकळी झाली.

अमेरिकन यादवी युद्ध व कापसाची तेजी : लँकाशरच्या गिरण्या कापसासाठी मुख्यत्वे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांवर अवलंबून होत्या. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले व दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. गिरण्यांना कापूस मिळेना. भारतीय कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. वऱ्हाडात १८६१ ते १८६५ या चार वर्षांत कपाशीखालील क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. मुंबईत या पैशातून सट्टेबाजीस ऊत आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिचा फुगा फुटला. वऱ्हाडातील शेतकऱ्याने तेजीच्या वर्षांत जो पैसा पाहिला, त्याच्या आधारे सावकाराने त्याला अधिक पत दिली. भाव कोसळल्यावर ते कर्ज मात्र जसेच्या तसे राहिले. दूर देशीच्या एका घटनेने गावातील देणे-घेणे बदलून जावे, असा हा पहिलाच मोठा अनुभव होता.

मंदी आली तरी वऱ्हाडचा कापूस मागे हटला नाही. इंग्लंडमधील कापूस-पुरवठा संस्था व मँचेस्टरचे वाणिज्य मंडळ यांच्या आग्रहावरून मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला. या पदावरील हॅरी रिव्हेट-कार्नाक याने पिकाच्या पाहण्या, बियाण्याचे प्रयोग, बाजारांची आखणी व रस्ते यांसंबंधी विस्तृत अहवाल लिहिले. खामगाव नगरपालिकेची स्थापनाही याच काळात, १८६७ मध्ये, झाली.

लोहमार्ग, तारायंत्र व यंत्रशक्ती : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला फाटा १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. तो खामगावच्या उत्तरेकडून, जलंबवरून गेला. पेठ लोहमार्गापासून थोडी दूर राहिल्याने जलंब ते खामगाव असा सु. १३ किमी. लांबीचा स्वतंत्र सरकारी फाटा बांधण्यात आला. मार्च १८७० मध्ये त्याचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते झाले. एवढ्या आखूड फाट्यासाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यावरूनच त्या काळी या पेठेस केवढे महत्त्व दिले जात होते हे दिसून येते.

याच सुमारास दोन मोठ्या घटना घडल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये तांबड्या समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई व लंडन जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव मुंबईत व तेथून खामगावात तारेने कळू लागला. पूर्वी ज्या कापसाला बंदर गाठण्यास महिने लागत, तो आता आगगाडी व आगबोटीने काही आठवड्यांत यूरोपात पोहोचू लागला. माल हाती येण्यापूर्वीच त्याची विक्री ठरविणे शक्य झाले. व्यापाराची जोखीम कमी झाली. पण ती प्रथम व्यापाऱ्याची कमी झाली.

तिसरा बदल यंत्रांचा. रेल्वेच्या डब्यात व जहाजाच्या तळघरात जागेला मोल असते. म्हणून रुई दाबून घट्ट गासडी बांधणे आवश्यक ठरले. वाफेवर चालणारे दाबयंत्र खामगावात आले. त्यापाठोपाठ मॅकार्थी पद्धतीच्या लाटण्यांच्या यंत्रांचे, सरकी काढणारे कारखाने उभे राहिले. सु. ४०० पौंडांची गासडी हे व्यापाराचे परिमाण झाले. स्वित्झर्लंडमधील व्हिंटरटूर व मुंबई येथे १८५१ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या यूरोपीय पेढ्यांनी खामगावात खरेदीची ठाणी उघडली. त्यांच्या जोडीस मारवाडी, गुजराती व कच्छी व्यापारी, अडते, दलाल, मापारी व हमाल असा मोठा व्यापारी समाज येथे वसला. १९०१ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या १८,३४१ होती. त्या वेळी हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये तो बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आला.

व्यापाराची रचना : हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, शेतकरी बैलगाडीतून कापूस घेऊन बाजारात येई. सर्वच शेतकरी मात्र पेठेपर्यंत येत नसत. पुष्कळांचे पीक उभे असतानाच सावकाराकडे गुंतलेले असे; त्याने दिलेल्या बियाणे, धान्य व साऱ्याच्या रकमेपोटी ते आधीच ठरलेल्या, अर्थात कमी, भावाने द्यावे लागे. जो शेतकरी स्वतः येई, तो अडत्याकडे उतरे. दलाल व खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. पुढे तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय व नमुन्याच्या नावाने कापूस काढून घेणे अशा अनेक कपाती होत. मुंबईत भाव ७८४ पौंडांच्या खंडीवर बोलला जाई, तर गावोगावची मापे निराळी असत. तारेने आलेला भाव व्यापाऱ्यास सकाळीच ठाऊक असे. गाडीवानास तो कळण्याचे साधन नव्हते. एकाच पेठेत एकास जगाचा भाव माहीत व दुसऱ्यास केवळ समोरच्याचा शब्द माहीत, ही विषमता या व्यापाराच्या मुळाशी होती.

वाणांची घसरण : खामगावच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग कापसाच्या प्रतीसंबंधीचा आहे. वऱ्हाड व वर्धा भागातील ‘बनी’ हा जुना वाण लांब व मऊ तंतूसाठी प्रसिद्ध होता. लँकाशरला असाच कापूस हवा होता. तथापि बनीच्या कापसातून वजनाच्या सु. चौथ्या हिश्शाइतकीच रुई निघे. ‘कटेल विलायती’ यासारख्या आखूड व जाड्याभरड्या वाणांतून ती एक-तृतीयांशाहून अधिक निघे. शिवाय ते पीक काटक होते. बाजारात चांगल्या व हलक्या कापसाच्या भावांतील फरक जर शेतकऱ्याच्या हाती पडता, तर बनी टिकली असती. तसे घडले नाही. चांगला व हलका माल पेठेत व कारखान्यात एकत्र होई व सगळाच ‘ओमरा’ या नावाने निर्यात होई. हे नाव उमरावती, म्हणजे अमरावती, या नावाचा व्यापारी अपभ्रंश होय. ज्याच्या पदरी अधिक रुई, त्याला अधिक पैसा, हाच हिशेब उरला व शेतकऱ्याने त्यास अनुसरून वाण बदलला.

यंत्राने या घसरणीस हातभार लावला. हातचरकाच्या काळात घरची सरकी घरी राही व तिच्यातील निवडक पुढील पेरणीस वापरली जाई. कारखान्यात अनेक गावांच्या कापसाची सरकी एकत्र होऊ लागली व तीच मिश्र सरकी बियाणे म्हणून शेतात परत गेली. सरकारी प्रयोगशेतांवर बनी सुधारण्याचे, त्याचप्रमाणे अमेरिकन व ईजिप्शियन वाण आणण्याचे प्रयत्न झाले. परंतु बियाण्याची शुद्धता व प्रतीनुसार भाव या दोहोंची व्यवस्था नसल्याने ते फारसे फळले नाहीत. ईजिप्तमध्ये झ्युमेल याने १८२१ च्या सुमारास प्रसारात आणलेला लांब धाग्याचा कापूस तेथील शासनाने स्वतः खरेदी करून बाजारात नेला व त्यामुळे त्या देशाच्या कापसास प्रतीचे नाव मिळाले. शेतकऱ्याची स्थिती तेथेही कष्टाचीच राहिली. तथापि बियाणे, खरेदी व प्रत ही एका सूत्रात ओवली गेली, तरच वाण टिकतो, हे त्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ओसाकाचा दुवा : आखूड धाग्याच्या ओमरा कापसाची लँकाशरमधील मागणी पुढे मंदावली; जाडे सूत काढणाऱ्या यूरोप खंडातील गिरण्या त्याच्या मुख्य गिऱ्हाईक बनल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत जपानची भर पडली. ओसाका येथील गिरणी १८८३ मध्ये सुरू झाली. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई–कोबे जहाजसेवा सुरू झाली व १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरील आयात-जकात काढून टाकली. जपानी गिरणीवाल्यांनी भारतीय, चिनी व अमेरिकन कापसाचे योग्य मिश्रण करून स्वस्त व एकसारखे सूत काढण्याची कला साध्य केली. वऱ्हाडचा जो कापूस हलका म्हणून लिव्हरपूलला नकोसा होता, त्याच्यातूनच त्यांनी जगाच्या बाजारात टिकणारे सूत व कापड तयार केले. जपानी खरेदी-कंपन्यांचे हस्तक वऱ्हाडातील पेठांतून खरेदी करू लागले.

या घटनेचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. जपानजवळ कापूस नव्हता. त्याने मिश्रण, चाती, जहाजे व खरेदीची संघटना यांवर पकड मिळविली. खामगावजवळ कापूस होता; पण सरकी काढून गासडी बांधण्यापलीकडची पायरी पेठेने सहसा ओलांडली नाही. मुंबईच्या गिरण्यांनी व १८७७ मध्ये नागपुरात निघालेल्या एम्प्रेस मिलने कताईचा काही लाभ देशात राखला. कापूस पिकविणाऱ्याच्या हिश्श्यात त्यामुळे विशेष फरक पडला नाही. १९३३ मध्ये भारताने कापडावरील आयात-जकात वाढविल्यावर जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या भारत-जपान करारात जपानी कापडाच्या आयातीची मर्यादा जपानने घ्यावयाच्या कापसाशी जोडण्यात आली. जागतिक मंदीने आधीच होरपळलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याचा भाव अशा रीतीने दोन सरकारांमधील वाटाघाटीचा विषय बनला.

दुष्काळ : कपाशीचे क्षेत्र वाढत गेले, तसतसे कुटुंबाचे अन्न बाजारावर अवलंबून राहू लागले. १८९६-९७ व विशेषतः १८९९-१९०० या वर्षी पाऊस नाहीसा झाला, तेव्हा कपाशी व ज्वारी दोन्ही बुडाली. लोहमार्गाने धान्य आणता येत होते. परंतु ते विकत घेण्यास शेतमजूर व लहान शेतकरी यांच्याजवळ पैसा नव्हता. १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सु. २९ लाखांवरून सु. २७.५ लाखांवर उतरली. शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडापेक्षा हा प्रदेश जगाशी अधिक जोडलेला होता आणि त्याच वऱ्हाडात दुष्काळकामांवर माणसांच्या रांगा लागल्या होत्या. दळणवळणाची सोय म्हणजे क्रयशक्ती नव्हे, हा या आपत्तीचा धडा होय.

बाजाराचे नियमन व सहकार : व्यवहारातील गैरप्रकारांना आळा घालण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य-बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने बाजार-समित्या, परवानाधारक दलाल व मापारी आणि ठरावीक दर यांची तरतूद केली. भारतातील नियंत्रित बाजारपेठांच्या इतिहासात हा कायदा आद्य मानला जातो. या समित्यांत मात्र व्यापाऱ्यांचे प्राबल्य राहिले. शेतकऱ्यांना पुरेसे प्रतिनिधित्व देण्याची दिशा १९२८ च्या शाही कृषी आयोगाने दाखविली व १९३२ च्या मध्य प्रांताच्या कापूस-बाजार कायद्याने ती काही प्रमाणात स्वीकारली. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. भेसळीस प्रतिबंध करण्यासाठी १९२३ मध्ये कापूस-वाहतुकीचा व १९२५ मध्ये सरकी काढण्याच्या व गासड्या बांधण्याच्या कारखान्यांचा कायदा झाला. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या निघाल्या.

राज्यनिर्मितीनंतर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम झाला. त्यापाठोपाठ १९७२-७३ पासून कच्च्या कापसाची एकाधिकार खरेदी योजना अंमलात आली. शेतकऱ्याचा सर्व कापूस सहकारी यंत्रणेने घ्यावा, त्याची प्रतवारी, प्रक्रिया व विक्री करावी व नफा झाल्यास त्याचा वाटा उत्पादकास द्यावा, असे तिचे स्वरूप होते. साखळीतील मधल्या पायऱ्या उत्पादकाच्या वतीने हाती घेण्याचा भारतातील हा सर्वांत मोठा प्रयोग म्हणावा लागेल. हमीभावामुळे शेतकऱ्यास आधार मिळाला. तथापि प्रतवारीचे वाद, चुकाऱ्यास होणारा विलंब, परराज्यांत जाणारा कापूस व साचत गेलेली तूट यांमुळे योजना दुबळी झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचा एकाधिकार संपुष्टात आला.

अलीकडील काळ : अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ व नागपूर येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांनी संकरित व सुधारित वाणांचे काम हाती घेतले. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली व काही वर्षांतच तो सर्वत्र पसरला. बोंडअळीपासून प्रारंभी संरक्षण मिळाले. पण बियाणे दर वर्षी विकत घेणे भाग पडले, कोरडवाहू शेतीचा खर्च वाढला व पुढे गुलाबी बोंडअळी पुन्हा उद्‌भवली. कर्जबाजारीपणामुळे झालेल्या शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होता. तालुक्यात कपाशीच्या जोडीला सोयाबीन आले असून खामगावच्या बाजारात आज त्याचीही मोठी उलाढाल होते. चांदीच्या व्यापारासाठीही हे शहर प्रसिद्ध आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ९४,००० होती.

मूल्यमापन : खामगावास नवे तंत्र मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. लोहमार्ग, तार व वाफेचे यंत्र ही त्या काळातील सर्वांत प्रगत साधने येथे आली आणि त्यांनी पेठ मोठी केली. परंतु ती साधने माल बाहेर नेण्यासाठी आली. माल पिकविणाऱ्याचे हात बळकट करणाऱ्या सुधारणा, म्हणजे शुद्ध बियाणे, खरे माप, प्रतीनुसार भाव, स्वस्त कर्ज व माल थोपवून धरण्याची ताकद, मागाहून व तुटक स्वरूपात आल्या. तार १८७० मध्ये आली. शेतकऱ्यास बाजार-समितीत आवाज मिळण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली. या अंतरातच वऱ्हाडातील कर्ज व वाणांची घसरण यांची बीजे आहेत.

हा प्रश्न वऱ्हाडापुरता नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे श्रीमंत देशांच्या कापूस-अनुदानांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. तेही रुई पिकवितात, निर्यात करतात व भाव मात्र अन्यत्र ठरताना पाहतात. अशा लहान अर्थव्यवस्थांना जगाच्या व्यापारात स्थान मिळवून देण्याच्या योजना आखताना बंदर, रस्ता व संदेशवहन यांचा विचार प्रथम होतो, व तो आवश्यकही आहे. खामगावचा अनुभव त्यास एवढीच जोड देतो की, साखळीत शिरणे व साखळीत वर चढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली तेरा किलोमीटरच्या लोहमार्गाने साधते. दुसरीसाठी बियाण्यापासून तागडीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर उत्पादकाचा हक्क उभा करावा लागतो.